दुर्लक्षित गिनीपिगची निगा : पहिला पंधरवडा महत्त्वाचा

गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांच्या संगोपनाविषयी आपण नेहमीच वाचता. आजचा विषय थोडा वेगळा आहे. शहरात हौसेने गिनीपिग पाळले जातात. हौस फिटली, घर बदलले किंवा मुलांच्या परीक्षा आल्या की हा मुका प्राणी घरात अडगळ होतो. मग "तुमच्याकडे शेत आहे, चारा आहे, तुमच्याकडे सुखाने राहील," असे म्हणून तो गावाकडच्या नातेवाइकांच्या हवाली केला जातो. अशा वेळी तो बहुधा खंगलेला, केस झडलेला आणि भेदरलेला असतो.

अशाच एका डाळिंब बागायतदाराच्या घरी दोन नर गिनीपिग आले होते. मुलीच्या हट्टामुळे त्यांनी ते ठेवून घेतले. घरच्यांनी माया करण्यात काही कमी केले नाही. भिजवलेले गहू, बाजरी आणि पाव खायला घातला. कोंबडीच्या रिकाम्या पिंजऱ्यात त्यांची सोय केली. चौथ्या दिवशी एक गिनीपिग मलूल दिसला, तेव्हा वासरासाठी आणलेल्या प्रतिजैविकाची उरलेली गोळी पाण्यात विरघळवून त्याला पाजली. पुढे त्याला हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी तो दगावला. त्यानंतर ते दुसऱ्याला घेऊन आमच्याकडे आले. तो वाचला. त्याला वाचविण्यासाठी लागलेल्या बहुतेक वस्तू त्यांच्याच बांधावर आणि परसबागेत होत्या. पहिल्याला ज्याने मारले तेही त्यांच्याच गोठ्यातील कपाटात होते. हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच.

प्राण्याची ओळख

नावात 'पिग' असले तरी गिनीपिगचा डुकराशी संबंध नाही. तो उंदीर, खार यांच्याप्रमाणे कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. त्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा प्रदेश. तेथील पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या देशांतील शेतकरी हजारो वर्षांपासून तो मांसासाठी पाळतात आणि त्याला 'कुय' म्हणतात. थंड, कोरड्या डोंगराळ मुलखात गवतावर वाढलेला हा प्राणी आहे, हे लक्षात ठेवल्यास त्याची निम्मी काळजी आपोआप समजते.

पूर्ण वाढलेल्या गिनीपिगचे वजन साधारणपणे ७०० ते १२०० ग्रॅम असते. चांगल्या संगोपनात तो ५ ते ८ वर्षे जगतो. त्याला एकूण २० दात असतात आणि ते आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजत ठेवण्याचे काम गवताचे आहे.

दुर्लक्षाचे मूळ कारण : 'क' जीवनसत्त्व आणि चोथा

गाय, शेळी, ससा, कोंबडी हे प्राणी 'क' जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. माणूस, माकड आणि गिनीपिग यांना ते जमत नाही. त्यांना ते रोजच्या आहारातूनच मिळावे लागते. १९०७ साली नॉर्वेमध्ये होल्स्ट आणि फ्रोलिच या दोन शास्त्रज्ञांनी गिनीपिगला केवळ धान्य आणि पाव यांवर ठेवले, तेव्हा त्याला माणसातील स्कर्व्हीसारखाच रोग झाला. भाजीपाला किंवा फळांचा रस देताच तो रोग टळला. 'क' जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट या प्राण्यानेच दाखविली. आज घरोघरी पाव, बिस्किटे आणि धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगवर तोच प्रयोग नकळत पुन्हा होत असतो.

आहारात 'क' जीवनसत्त्व नसल्यास दोन ते तीन आठवड्यांत पुढील लक्षणे दिसू लागतात.

१) प्राणी हालचाल टाळतो, मागच्या पायांनी लंगडतो किंवा ओढत चालतो.
२) सांधे सुजतात. हात लावताच वेदनेने ओरडतो.
३) केस राठ होतात व झडतात. जखमा लवकर भरत नाहीत.
४) हिरड्यांतून रक्त येते, दात हलतात, खाण्याची इच्छा असूनही खाता येत नाही.
५) प्रतिकारशक्ती घटते व फुफ्फुसदाह चटकन होतो.

दुसरी उणीव चोथ्याची. चोथा कमी पडल्यास दात झिजत नाहीत. वाढलेल्या दाढा जिभेला टोचतात आणि आतड्यांची हालचाल मंदावते. म्हणून खंगलेल्या गिनीपिगला ताकद यावी म्हणून धान्य, पेंड, गूळ किंवा दूध देणे ही सर्वांत मोठी चूक होय.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी काय करावे?

*जागा :* प्राण्याला घरातील शांत, सावलीच्या, वारा खेळता असलेल्या पण झोत न लागणाऱ्या खोलीत ठेवावे. घरात दुसरे गिनीपिग असल्यास नव्याला दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवावे. सशाबरोबर कधीही ठेवू नये. सशाला ज्याचा त्रास होत नाही असा जिवाणू गिनीपिगला फुफ्फुसदाह करू शकतो. शिवाय सशाच्या लाथेने इजाही होते.

*वजन :* स्वयंपाकघरातील तराजूवर टोपली ठेवून वजन करावे व वहीत लिहावे. पहिला पंधरवडा रोज एकाच वेळी आणि पुढे आठवड्यातून एकदा वजन घ्यावे. गिनीपिग आजार लपवितो. घटणारे वजन हीच त्याची पहिली तक्रार असते.

*तपासणी :* नाक व डोळे ओले किंवा चिकट आहेत का, पुढचे दात सरळ आहेत का, लाळ गळते का, तळपाय लाल किंवा सुजलेले आहेत का, नखे वळून मांसात रुतली आहेत का, शेपटाकडील भाग घाण आहे का, हे पाहावे. उन्हाळ्यात व पावसाळ्यात घाणीने माखलेल्या भागावर माशी बसून आसडी पडते. म्हणून तो भाग कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसून कोरडा करावा. पहिल्या दिवशी अंघोळ मात्र घालू नये. अशक्त प्राणी गारठून दगावू शकतो.

*हाताळणी :* एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली घेऊन उचलावे. मानेला किंवा पायाला धरून उचलू नये. लहान मुलांना जमिनीवर बसवूनच मांडीवर द्यावा. थोड्या उंचीवरून पडला तरी त्याचे हाड मोडते.

आहार : बांधावरचे गवत हेच मुख्य अन्न

१) *वाळलेले गवत :* चोवीस तास पुढे असावे. मारवेल, पवना यांसारखे मऊ गवत फुलोऱ्याच्या सुमारास कापून सावलीत वाळवलेले उत्तम. कुसळीचे गवत अजिबात देऊ नये. कुसळे हिरड्यांत, जिभेत आणि डोळ्यांत रुततात. भिजून काळे पडलेले किंवा बुरशीचा वास येणारे गवत टाकून द्यावे. ज्वारीचा कडबा जाड व कठीण असल्याने गवताची जागा घेऊ शकत नाही. भाताचा पेंढा अंथरण्यासाठी चालेल.

२) *हिरवा चारा व भाजी :* पूर्ण वाढलेल्या प्राण्यास रोज ओंजळभर, म्हणजे सुमारे ८० ते १०० ग्रॅम द्यावी. हराळी, मक्याचा कोवळा पाला, कोथिंबीर, गाजराचा थोडा पाला, ढोबळी मिरचीचे काप हे सर्व चालते. मात्र जो प्राणी महिनोन्महिने कोरड्या धान्यावर होता, त्याला एकदम हिरवे दिल्यास पोट फुगते व हगवण लागते. म्हणून पहिल्या दिवशी दोन-चार काड्या, मग रोज थोडे वाढवीत आठवड्याभरात पूर्ण प्रमाणावर यावे.

३) *'क' जीवनसत्त्व :* हिरव्या चाऱ्याप्रमाणे याची सुरुवात हळूहळू करायची नाही. ते पहिल्या दिवसापासूनच द्यावे. निरोगी प्राण्याला दर किलो वजनास रोज सुमारे १० मि.ग्रॅ. पुरते. आजारी, वाढत्या किंवा गाभण प्राण्याला ३० मि.ग्रॅ. किंवा त्याहून अधिक लागते. पेरूच्या १०० ग्रॅम गरात सुमारे २०० मि.ग्रॅ. 'क' जीवनसत्त्व असते. म्हणजे १५ ग्रॅमच्या एका फोडीतून दिवसाची गरज भागते. शेवग्याच्या पाल्यातही ते चांगल्या प्रमाणात असते, परंतु त्यात चुना जास्त असल्याने तो चिमूटभरच द्यावा. कोथिंबीर, ढोबळी मिरची व आवळ्याची पातळ चकती हेही चांगले स्रोत आहेत. गाजर व काकडीत हे जीवनसत्त्व फार थोडे असते, म्हणून केवळ त्यांवर विसंबू नये. खाता येत नसल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गोळी कुटून थोड्या पाण्यातून तोंडावाटे द्यावी. पिण्याच्या पाण्यात मिसळून ठेवू नये. ते लवकर नष्ट होते आणि चव बदलल्याने प्राणी पाणी पिणेच कमी करतो.

४) *लसूणघास :* आपल्याकडे तो मुबलक असल्याने भरपूर घालण्याचा मोह होतो. त्यात प्रथिने व चुना दोन्ही जास्त असतात. सहा महिन्यांखालील पिले, गाभण व दूध पाजणारी मादी यांना तो उपयुक्त आहे. हाडे वर आलेल्या प्राण्याला दोन-तीन आठवडे थोडा द्यावा, वजन भरताच बंद करावा. मोठ्या प्राण्याला तो कायम दिल्यास मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

५) *पाणी :* दर किलो वजनास रोज सुमारे १०० मि.लि. पाणी लागते. स्वच्छ ताजे पाणी जड, उथळ भांड्यात किंवा बाटलीने द्यावे. पूर्वीच्या घरी जी सवय होती ती विचारून घ्यावी. बाटलीची सवय नसलेला प्राणी बाटली पुढे असूनही तहानलेला राहतो.

*काय देऊ नये :* कांदा, लसूण, बटाटा, बटाटा व टोमॅटोचा पाला, एरंड, कण्हेर, घाणेरी, गाजरगवत, कोवळ्या ज्वारीचे पोंगे, पाव, बिस्किटे, दूध आणि कोंबडीखाद्य देऊ नये. कोवळ्या ज्वारीची किराळ जनावरांना बाधते, तशी यालाही बाधते. कोंबडीखाद्यात 'क' जीवनसत्त्व तर नसतेच, शिवाय काही खाद्यांत मिसळलेली औषधे गिनीपिगला घातक असतात. कीटकनाशक किंवा तणनाशक फवारलेल्या शेताच्या बांधावरचा चारा कापू नये.

खाणे बंद झाल्यास

गिनीपिगचे पोट सतत चालू राहावे लागते. १२ तासांहून अधिक काळ त्याने काहीच खाल्ले नाही तर ती तातडीची बाब समजावी व पशुवैद्यकाकडे न्यावे. तोपर्यंत गिनीपिगचे किंवा सशाचे गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून, बारीक घोटून, सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडे थोडे भरवावे. एका वेळी ५ ते १० मि.लि., दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. प्राण्याला उताणे करून किंवा घाईने भरवू नये, अन्न श्वासनलिकेत जाते. पोट टम्म फुगलेले असल्यास काहीही न भरवता थेट दवाखान्यात न्यावे.

लेंड्यांवर रोज लक्ष ठेवावे. त्या लांबट, एकसारख्या व टणक असाव्यात. लहान, वाळक्या किंवा कमी झालेल्या लेंड्या म्हणजे खाणे कमी झाल्याची खूण होय. गिनीपिग स्वतःच्या मऊ लेंड्या खातो. ते त्याच्या पचनाचा भाग आहे, त्याला अडवू नये.

गोठ्यातील औषधे वापरू नयेत

ही सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. पेनिसिलीन, ॲम्पिसिलीन, अमॉक्सिसिलीन, लिंकोमायसीन, एरिथ्रोमायसीन ही प्रतिजैविके गिनीपिगला जीवघेणी ठरू शकतात. चारा पचविणारे उपयुक्त जिवाणू त्याच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत राहतात. ही औषधे त्यांचा नाश करतात. मग घातक जिवाणू माजून विष तयार करतात, हगवण लागते आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. वासराला तारणारी गोळी गिनीपिगला मारते ती अशी. त्याला चालणारी प्रतिजैविके वेगळी आहेत. ती पशुवैद्यकानेच निवडावीत.

त्याचप्रमाणे गोचीड-गोमाश्यांसाठी वापरावयाची द्रावणे त्याच्या अंगावर लावू नयेत. सतत खाजवणे, पाठीवर व मानेवर केस झडून खवले येणे, खाजविताना झटके आल्यासारखे होणे ही खरजेच्या किडीची लक्षणे आहेत. आयव्हरमेक्टीन या औषधाने ती बरी होते. परंतु एक किलोच्या प्राण्याला जनावरांच्या इंजेक्शनचा अंदाजे थेंब देणे धोक्याचे आहे. मात्रा वजनावरून पशुवैद्यक ठरवितात व दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा देतात. तोंडाभोवती व कानांवर गोल, कोरडे चट्टे असल्यास गजकर्ण असू शकते. ते माणसालाही होते. म्हणून हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मुलांना काही दिवस दूर ठेवावे.

वाढलेली नखे टोकाकडून थोडीथोडी कापावीत, आतील गुलाबी शीर जपावी. दात मात्र घरी कापू नयेत. दात चिरून मुळापर्यंत तडा जातो.

निवारा

तारेच्या जाळीच्या तळाने तळपाय सोलवटतात व त्यांत पू होतो. तळ सपाट व भरीव असावा. दोन प्राण्यांसाठी निदान १२० × ६० सें.मी. जागा व सुमारे ४० सें.मी. उंचीच्या बाजू असाव्यात. खाली कोरडा पेंढा, गवत किंवा जाड सुती कापड अंथरावे. ओले अंथरूण रोज काढावे, आठवड्यातून एकदा सर्व बदलावे. लपण्यासाठी एका बाजूला दार कापलेला खोका किंवा आडवा ठेवलेला माठ द्यावा. लपायला जागा मिळालेला भेदरट प्राणी लवकर बाहेर येतो. मांजर, मुंगूस, घुशी आणि साप यांपासून संरक्षण करावे.

त्याला १८ ते २६ अंश सेल्सिअस तापमान मानवते. ३० अंशांपुढे, विशेषतः दमट हवेत, उष्माघाताचा धोका असतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्याला ठेवणे म्हणजे मरणाच्या दारात ठेवणे होय. घरातील सर्वांत थंड खोलीत, फरशीवर ठेवावे, खिडकीला ओले पोते लावावे. धापा टाकत आडवा पडल्यास ओल्या फडक्याने कान व पाय पुसून ताबडतोब दवाखाना गाठावा. बर्फाचे पाणी ओतू नये.

सोबत आणि गाभण मादी

हा कळपातला प्राणी आहे, एकटा असला की खंगतो. बरा झाल्यावर त्याला त्याच लिंगाचा सोबती द्यावा. दोघांना मोकळ्या, दोघांनाही नव्या असलेल्या जागेत हळूहळू ओळख करून द्यावी.

मादी आणली असल्यास ती गाभण असण्याची शक्यता धरावी. गाभणकाळ सुमारे ५९ ते ७२ दिवसांचा असतो, म्हणून अडीच महिने वजनावर लक्ष ठेवावे. पिले केसांसह, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. नर पिले तीन आठवड्यांची होताच आईपासून वेगळी करावीत. सहा-सात महिन्यांपर्यंत एकदाही न व्यालेल्या मादीला पुढे फळवू नये. तिच्या कंबरेचे हाड सांधले जाऊन प्रसूती अडते व मादी दगावू शकते.

उपचार कोठे मिळतील?

गावातील दवाखान्यात गिनीपिगचे रुग्ण क्वचित येतात, तरी पशुवैद्यकाचा सल्ला आधी घ्यावा. गरज पडल्यास महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. जाताना वजनाची वही, पूर्वीचा आहार आणि दिलेल्या प्रत्येक औषधाची माहिती बरोबर न्यावी. चुकून काही दिले असल्यास तेही न लाजता सांगावे.

सांभाळणे शक्य नसल्यास योग्य घर शोधावे, शेतात सोडून देऊ नये. कुत्र्या-मांजरांपुढे तो एक रात्रही टिकत नाही. शिवाय उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव प्राणी टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे.

लक्षात ठेवावयाच्या बाबी

१) मुख्य अन्न वाळलेले गवत, धान्य नव्हे.
२) पहिल्या दिवसापासून पेरूची फोड किंवा 'क' जीवनसत्त्वाचा दुसरा स्रोत द्यावा.
३) हिरवा चारा हळूहळू वाढवावा.
४) रोज वजन व लेंड्या पाहाव्यात.
५) गोठ्यातील उरलेले औषध कधीही देऊ नये.
६) १२ तास खाणे बंद म्हणजे दवाखाना.

सुरुवातीला ज्या दुसऱ्या गिनीपिगचा उल्लेख केला, त्याचे वजन पहिले चार दिवस घटतच होते. पाचव्या दिवशी ते थांबले, पंधरवड्याच्या अखेरीस वाढू लागले. मागचे पाय टेकवून तो चालू लागला तो पेरू, कोथिंबीर आणि बांधावरच्या गवतावर. आता परसात कोथिंबीर खुडल्याचा आवाज आला तरी तो शीळ घालून मागणी करतो, असे त्या घरची मुलगी सांगते. पहिल्याबद्दल तिला अजून वाईट वाटते. ही माहिती वेळेवर मिळाली असती तर तोही वाचला असता. आपल्या दारी असा प्राणी आला तर त्याच्या वाट्याला ती वेळ येऊ देऊ नये.